कारो-कानमध्ये एच६ कधी खेळायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुद्धिबळाच्या क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या स्पर्धेत तुम्ही काळ्याकडून कारो-कान (ई४ ला सी६ ने उत्तर देणारे ओपनिंग, म्हणजे डावाची ठरीव सुरुवात) खेळलात. सातव्या चालीला एच६ खेळून जी५ वरचा घोडा हाकलायला गेलात, तर समोरच्याने तो मागे नेण्याऐवजी ई६ वर देऊन टाकला. तेविसाव्या चालीला तुम्ही हार मान्य केलीत. घरी इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) लावले तर ते ७...एच६, म्हणजे काळ्याची सातवी चाल, चूक आहे एवढेच म्हणते, कारण सांगत नाही. जगज्जेता कास्पारोव्ह डीप ब्लू या संगणकाविरुद्ध हेच खेळला होता, मग ही चाल इतकी वाईट कशी, हा तुमचा दुसरा प्रश्न. आणि तिसरा, कारो-कान सोडून द्यावे का?

तिसऱ्याचे उत्तर आधी देतो: सोडू नका. तुमच्या डावात ओपनिंगने दगा दिलेला नाही, चालींचा क्रम चुकला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर माणूस प्रत्येक हारीनंतर नवे ओपनिंग शिकत बसतो आणि कुठलेच धड शिकत नाही.

सुरुवातीच्या चाली सर्वांसमोर असाव्यात म्हणून लिहितो (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, नुसते घर म्हणजे प्यादे; × मारणे, + शह, ! चांगली चाल, ? चूक, ?? घोडचूक; आकड्यानंतर तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल; कंसात कोणता घोडा ते): १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ डी×ई४ ४. घो×ई४ घो-डी७ ५. घो-जी५ घो(जी)-एफ६ ६. उं-डी३ ई६ ७. घो(१)-एफ३. इथे काळ्याने ७...उं-डी६ खेळायचे असते. तुम्ही ७...एच६ खेळलात.

आता 'का' कडे येऊ. चौथ्या चालीला घोडा डी७ वर ठेवण्याचा हेतू सरळ आहे: पुढची घो-एफ६ ही चाल आधार घेऊन खेळायची, म्हणजे पांढऱ्याने तिथे मारामारी केली तरी काळा घोड्यानेच परत मारतो आणि प्यादी मोडत नाहीत. पण याची किंमत मोजावी लागते. डी७ वरच्या घोड्यामुळे सी८ चा उंट अडतो, राजाला डी७ चे घर उरत नाही आणि ई६ च्या घराला एफ७ च्या प्याद्याशिवाय कोणी राखणदार राहत नाही. पांढऱ्याचा पाचव्या चालीचा घो-जी५ नेमका या किमतीवर बोट ठेवतो. घोडा एकदा खेळून झालेला असताना पुन्हा उचलायचा, हे ओपनिंगच्या नियमाविरुद्ध वाटते, म्हणूनच नवखे खेळाडू त्याला हलक्यात घेतात. तो घोडा एफ७ आणि ई६ ही दोन्ही घरे धरून बसलेला असतो.

मग लगेच एच६ खेळून त्याला हाकलले तर? पाचव्याच चालीला करून बघा: ५...एच६? ६. घो-ई६! घोडा वजिरावर आहे आणि काळ्याने तो एफ×ई६ असा मारला तर ७. व-एच५+ जी६ ८. व×जी६ मात. एक चाल थांबून ५...घो(जी)-एफ६ ६. उं-डी३ आणि मग ६...एच६? खेळलात तरी ७. घो-ई६! आहेच. यावेळी एफ×ई६ ला उत्तर ८. उं-जी६ मात. पट मांडून ही शेवटची स्थिती नीट पाहा. राजा ई८ वर. डी८ वर स्वतःचा वजीर, डी७ वर स्वतःचा घोडा, ई७ वर स्वतःचे प्यादे, एफ८ वर स्वतःचा उंट. एफ७ तेवढे मोकळे आणि त्यावर जी६ च्या उंटाचा मारा. राजा घरच्याच माणसांत गुदमरून मरतो.

दोन्ही ठिकाणी मात जी६ या घरातून झाली. एच७ वरचे प्यादे जागेवर असते तर जी६ वर आलेले मोहरे त्याने उचलून खाल्ले असते. एच६ खेळताना आपण 'घोड्याला विचारतो आहोत' असे वाटते, प्रत्यक्षात जी६ चा पहारा काढून घेतो. तुमच्या सातव्या चालीचे उत्तर एवढेच आहे. ६...ई६ खेळल्यामुळे घो-ई६ ची फुकटची उडी बंद झाली, आता पांढऱ्याला तिथे प्यादे मारून घोडा खरोखर द्यावा लागतो. पण जी६ चे भोक तसेच आहे, आणि एफ८ चा उंट अजून घरात असल्यामुळे राजाला ई७ सोडून हलायला जागाही नाही.

आता ७...उं-डी६ ने काय बदलते ते बघा. लगेच ८. घो×ई६ एफ×ई६ झाले तर ९. उं-जी६+ ला एच×जी६ आहे, पांढरा नुसता घोडा घालवतो. म्हणून तो ८. व-ई२ खेळून ई६ वर डोळा ठेवतो. आता मात्र ८...एच६ खेळायलाच हवे. ९. घो×ई६ एफ×ई६ १०. उं-जी६+ रा-ई७ या क्रमात राजा ई६ चे प्यादे स्वतः राखतो आणि डी७ चा घोडा एफ८ वर येऊन जी६ च्या उंटावर मारा करतो. एफ८ रिकामे आहे म्हणूनच हे जमते. आहुती इथे पुरी पडत नाही, म्हणून सगळे ९. घो-ई४ असे मुकाट मागे फिरतात.

म्हणजे चाल तीच, एच६. सातव्याला खेळली तर डाव जातो, आठव्याला नाही खेळली तर त्रास होतो.

माझा अंदाज, तुम्ही एच६ ची सवय ४...उं-एफ५ या जुन्या प्रकारातून आणली आहे. पहिल्यांदा कारो-कान शिकणारे बहुतेक तिथूनच सुरुवात करतात. त्यात ५. घो-जी३ उं-जी६ ६. एच४ आले की ६...एच६ खेळावेच लागते, नाहीतर एच५ ने उंट अडकतो. त्याला एच७ चे घर हवे असते. तिथे जी६ वर काळ्याचा स्वतःचा उंट उभा असतो, त्यामुळे त्या घराची चिंता नसते. प्याद्याची रचना दोन्ही प्रकारांत जवळपास सारखी दिसते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. चाली पाठ करताना चालीसोबत तिचे कारणही पाठ केले नाही की असे होते.

हीच गोष्ट तिसऱ्या एका ठिकाणी पक्की करून घ्या, कारण पांढरा ५. घो-जी५ ऐवजी ५. उं-सी४ सुद्धा बऱ्याचदा खेळतो. ५...घो(जी)-एफ६ ६. घो-जी५ ई६ ७. व-ई२. इथे ७...एच६?? वर ८. घो×एफ७! रा×एफ७ ९. व×ई६+ रा-जी६ १०. उं-डी३+ रा-एच५ ११. व-एच३ मात. काळा राजा सहाव्या, पाचव्या ओळीपर्यंत फिरायला निघतो आणि सी१ चा उंट जागचा न हलता जी५ चे घर बंद करून ठेवतो. योग्य चाल ७...घो-बी६. घोडा सी४ च्या उंटावर मारा करतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सी८ च्या उंटाचा रस्ता मोकळा होऊन ई६ ला दुसरा राखणदार मिळतो. आता ८. उं-डी३ नंतर ८...एच६ बिनधोक खेळता येते, आणि ९. घो(५)-एफ३ सी५ असा डाव सुरळीत चालतो. एच६ च्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: ई६ वर घोडा पडला तर मी कशाने मारणार, आणि मारल्यावर जी६ वर काय येईल?

जाता जाता या प्रकारातला सर्वांत स्वस्त सापळाही सांगून ठेवतो. ४...घो-डी७ नंतर ५. व-ई२ आले आणि तुम्ही सवयीने ५...घो(जी)-एफ६?? खेळलात तर ६. घो-डी६ मात. ई७ चे प्यादे वजिरामुळे बांधलेले (हलले तर राजा उघडा पडतो) असल्याने घोडा मारता येत नाही. ग्रँडमास्टर कोणी यात पडत नाही, ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, मात्र हा रोज कोणाचा तरी बळी घेतो.

आता कास्पारोव्हकडे. तारीख ११ मे १९९७, न्यूयॉर्क, सहा डावांच्या सामन्यातला शेवटचा डाव. तोपर्यंत गुण अडीच-अडीच असे बरोबरीत होते. कास्पारोव्हच्या हातचे हत्यार एरवी सिसिलियन हे दुसरे ओपनिंग. कारो-कान तो तरुणपणी खेळत असे, पण त्या काळात त्याने ते बाजूला ठेवलेले होते. तो ७...एच६ खेळला आणि डीप ब्लूने ८. घो×ई६ केले. ही आहुती मुळीच नवी नव्हती, माणसांच्या डावांत ती आधी येऊन गेली होती. मग जगज्जेता त्यात कसा गेला? एक म्हणणे असे की चालींचा क्रम उलटसुलट झाला. दुसरे असे की त्या काळची संगणकाबद्दलची समजूत धरून तो खेळला: परतफेड समोर मोजून दिसल्याशिवाय यंत्र घोडा देत नाही. ते काही अंशी खरेही होते, फक्त ही चाल यंत्राला स्वतः शोधायची नव्हती. डीप ब्लूच्या चमूतले स्पॅनिश ग्रँडमास्टर मिगेल इलेस्कास यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की एच६ आले तर ई६ वर मारायचे, ही नोंद त्याच दिवशी सकाळी यंत्राच्या ओपनिंग पुस्तकात घातली होती.

पुढच्या चाली तुमच्या उपयोगाच्या आहेत, कारण तुम्ही पहिल्या काही चाली त्याच्यासारख्याच खेळलात. ८...व-ई७ ने ई६ चा घोडा राजाशी बांधला जातो. पांढरा ९. कॅसलिंग (राजा आणि हत्तीची जोडचाल) करून बांधणी सोडवतो, ९...एफ×ई६ १०. उं-जी६+ रा-डी८ ११. उं-एफ४. आता पट बघा. काळ्याकडे एक घोडा जास्त आहे. पण ई७ च्या वजिरामागे एफ८ चा उंट कोंडला आहे, त्याच्यामागे एच८ चा हत्ती, डी७ च्या घोड्यामागे सी८ चा उंट आणि त्याच्यामागे ए८ चा हत्ती. पाच-सहा चाली पांढरा प्रत्यक्षात जास्त मोहऱ्यांनी खेळणार. कास्पारोव्हने ११...बी५ खेळून सी४ रोखायचा प्रयत्न केला आणि उरलासुरला आडोसाही मोडला: १२. ए४ उं-बी७ १३. ह-ई१ घो-डी५ १४. उं-जी३ रा-सी८ १५. ए×बी५ सी×बी५ १६. व-डी३ उं-सी६ १७. उं-एफ५ ई×एफ५ १८. ह×ई७ उं×ई७ १९. सी४ आणि हार मान्य. वजिराच्या बदल्यात हत्ती, उंट आणि घोडा मिळाले होते, कागदावर हा हिशेब तितका वाईट दिसत नाही. पण राजा उघड्यावर, मोहऱ्यांचा एकमेकांशी मेळ नाही, आणि सी४ ने शेवटचे कुलूपही फोडले. सामना डीप ब्लूने साडेतीन-अडीच असा जिंकला.

म्हणून 'कास्पारोव्हही खेळला होता' हे ७...एच६ च्या बाजूचे प्रमाणपत्र नाही. तो डाव त्या चालीविरुद्धचा पुरावा आहे.

तुमच्या डावात फरक अकराव्या चालीला पडला. बी५ ऐवजी तुम्ही ११...जी५ खेळलात. उंट हाकलला खरा, पण १२. उं-जी३ वर जाऊन तो त्याच कर्णावर बसला, आणि आता जी६ च्या पांढऱ्या उंटाला धक्का लावू शकेल असे एकही प्यादे तुमच्याकडे उरले नाही. १२...उं-जी७ ही चाल मी समजू शकतो, उंटाला बाहेर काढायची घाई होती. पण १३. घो-ई५! ने एफ७ वर दुहेरी मारा तयार झाला, तुम्हाला १३...घो×ई५ करावे लागले, आणि १४. डी×ई५+ ने डी स्तंभ थेट राजावर उघडला. १४...घो-डी५ १५. सी४ रा-सी७ १६. सी×डी५ ई×डी५? १७. ई६+. ई५ चे प्यादे बाजूला होताच जी३ च्या उंटाचा उघडा शह बसला. मोहऱ्यांची बेरीज इथे सारखी झालेली आहे, पण काळ्याचा राजा पटाच्या मध्यावर आहे आणि दोन्ही हत्ती अजून घरातच. पुढच्या सहा चालींवर वेळ घालवू नका, शिकण्यासारखे काही तिथे नाही.

अकराव्या चालीला काय करता आले असते? ११...घो-डी५ १२. उं-जी३ व-बी४. घोडा मध्यावर येतो, वजीर ई७ वरून हटून एफ८ च्या उंटाला श्वास देतो आणि बी२, डी४ वर दाब आणतो. स्थिती सुखाची नाही, पण खेळण्यासारखी आहे. त्याहून चांगले म्हणजे आठव्या चालीलाच ८...एफ×ई६ ९. उं-जी६+ रा-ई७ १०. कॅसलिंग व-सी७. वजीर सी७ वर आधीच पोहोचल्यामुळे एफ४ वर येणाऱ्या उंटाला तो खातो. यानंतर रा-डी८ आणि उं-डी६ असा पसारा आवरायचा, मोहऱ्यांची अदलाबदल शोधायची आणि वजिराच्या बाजूची प्यादी अजिबात हलवायची नाहीत. घोडा दिलेल्या माणसाला रेषा उघडायच्या असतात. आपण प्यादी पुढे ढकलून त्याचे काम सोपे करू नये.

हे सगळे चुकीनंतरचे. पुढच्या वेळी ७...उं-डी६ ८. व-ई२ एच६ ९. घो-ई४ घो×ई४ १०. व×ई४ इथपर्यंत तुम्ही न अडखळता याल. इथे दोन रस्ते आहेत.

१०...व-सी७ वर ११. व-जी४ ने जी७ वर हल्ला होतो आणि काळा ११...रा-एफ८ खेळतो. कॅसलिंग गेले म्हणून घाबरू नका. केंद्र बंदिस्त आहे, पांढऱ्याचा वजीर भटकला आहे आणि सी५ ची ठोक येणारच आहे. तरीही तुमच्या सध्याच्या अनुभवाला मी हा रस्ता सुचवणार नाही. राजा एफ८ वर ठेवून शांत डोक्याने खेळायला सराव लागतो.

१०...घो-एफ६ जास्त सरळ आहे. ११. व-ई२ नंतर व-सी७, बी६, उं-बी७ आणि समोरच्याचा बेत पाहून लांबचे, म्हणजे वजिराच्या बाजूचे कॅसलिंग. सी५ कधी खेळायचे हा इथला मुख्य प्रश्न. घाईने खेळलात तर पांढऱ्या उंटाचा बी५ वरचा शह त्रास देतो, म्हणून आधी मोहरी बाहेर काढा. ११. व-एच४ आले तर मात्र एक मजेदार चाल लक्षात ठेवा: ११...रा-ई७. दिसायला वेडेपणा, पण कारण ठोस आहे. राजा ई८ वर असताना जी५ खेळलात तर घो×जी५ एच×जी५ व×एच८+ असा हत्ती जातो. राजा ई७ वर सरकला की डी८ चा वजीर थेट एच८ राखतो, आणि जी५ ची धमकी खरी होते. शेवटची ओळ मोकळी करायला राजालाच बाजूला व्हायला लावणारी चाल ओपनिंगमध्ये क्वचितच भेटते.

सरावाबद्दल एक सांगतो. इंजिन लगेच लावू नका. आधी तुमचे स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) घ्या आणि प्रत्येक चालीला किती वेळ गेला ते आठवा. स्पर्धेत चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायला फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत परवानगी आहे. लिहीत नसाल तर सुरू करा. ७...एच६ वर तुम्ही काही सेकंदच घालवले असतील आणि ८. घो×ई६ नंतर बराच वेळ, असे माझे मत आहे, कारण ही चूक करणाऱ्या जवळपास सगळ्यांचे घड्याळ तेच सांगते. विचार एक चाल उशिरा सुरू झाला. पाठ चाली भराभर खेळाव्यात हे ठीक, पण ज्या चालीला तुमचे प्यादे समोरच्याच्या मोहऱ्याला पहिल्यांदा भिडते, तिथे हात आवरा. या प्रकारात ती जागा म्हणजे एच६.

मग पट मांडा, सातव्या चालीची स्थिती लावा आणि मित्राला पांढऱ्याकडून बसवा. एकदा ७...एच६ घेऊन काळ्याकडून वाचून दाखवा, एकदा पांढऱ्याकडून जिंकून दाखवा. दुसरे जास्त शिकवते. जी६ वर उंट ठेवून राजा गुदमरताना स्वतःच्या हाताने पाहिला की ते घर पुन्हा विसरत नाही. तोच प्रतिस्पर्धी पुढच्या स्पर्धेत भेटला तर तो नक्की ५. घो-जी५ च खेळेल, जिंकलेला रस्ता कोणी सोडत नाही. तेव्हा ७...उं-डी६ खेळा, आणि ८. व-ई२ नंतर एच६ करून घड्याळ दाबा.